बिनपाण्याचा चहा

यंदाही पौषातली थंडी पडली आणि अद्रकाची काढणी सुरू झाली. गोदामात पोती उतरली की पहिले दोन दिवस तिथं नुसता ओल्या मातीचा वास असतो. तिसऱ्या दिवशी माती सुकून गळायला लागते आणि मग खरा वास येतो. तिखट, थोडा लिंबासारखा, नाकातून थेट कपाळात जाणारा. तीस वर्षं हा वास माझ्या अंगावर आहे. एसटीत शेजारी बसलेला माणूस विचारतो, "अद्रकाचे व्यापारी का तुमी?" पूर्वी मला त्याचं फार बरं वाटायचं. गेल्या हिवाळ्यापासून बाहेर निघताना मी हात दोनदा साबणानं धुतो.

माझं लहानपण उमापूरकडचं. आमच्या घरी चहा म्हणजे रंग लावलेलं पाणी. आई चुलीवर पातेलं ठेवायची, त्यात गुळाचा खडा, चिमूटभर पत्ती, आणि कुठून मिळालं तर अद्रकाचं नखाएवढं पेर. दूध कधीच नाही. पाहुणे आले तर शेजारून वाटीभर दूध यायचं, ते पाहुण्यांच्याच कपात पडायचं. आमच्या कपात तळ दिसायचा. त्या तळाकडं बघत मी एक गोष्ट ठरवली होती: आपले दिवस आले की चहात पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही.

दिवस आले. सायकलवर एक पोतं बांधून सुरुवात केली होती. आज बीडमध्ये स्वतःचं गोदाम आहे, दुमजली घर आहे. यात कुणाचा हात नाही. माझ्या जिभेचा आहे, असं मी अभिमानानं सांगत आलो.

अद्रक घ्यायची माझी रीत ठरलेली. शेतात गेलं की वाफ्यातून एक गड्डा उपटायचा, झटकायचा आणि मधोमध फोडायचा. फोडताना आजूबाजूला चार माणसं पाहिजेत. आत काहीही असो, तोंड वाकडं करायचं. "रेषा लई हायेत." "पाणी पिलाय माल." हे मोठ्यानं बोलायचं, पलीकडच्या बांधावर ऐकू जाईल एवढं. मालाचं नाव एकदा गेलं की दुसरा व्यापारी तिकडं फिरकत नाही, हे शेतकऱ्याला माहीत असतं. तो आपोआप खाली येतो. आणि सौदा ठरेपर्यंत त्याच्या घरचा चहा प्यायचा नाही. चहा पोटात गेला की जीभ मऊ पडते. कितीतरी बायका हातात कप घेऊन बांधावर उभ्या राहिल्यात आणि कितीतरी कपांवर साय धरलीय, मी हात लावलेला नाही.

ही रीत मला शिकवली एका आडत्यानं. तेव्हा मी बावीस वर्षांचा असेन. माझी दोन पोती त्यानं बाजारात, भर गर्दीत जमिनीवर ओतली. पायातल्या जोड्यानं माल उलटापालटा केला आणि म्हणाला, "हे अद्रक हाय का मुळ्या बे? उचल, उचल." लोक हसले. मी गुडघ्यावर बसून एकेक पेर वेचून परत पोत्यात भरलं. माल चांगला होता. तो चांगला होता हे त्यालाही ठाऊक होतं. हा आडत्या आता नाही. त्याच्या दहाव्यालाही मी गेलो नाही, आणि गेलो नाही हे चार ठिकाणी सांगितलं. कुणी माझ्या मेहनतीचं कौतुक केलं की ही गोष्ट माझ्या तोंडून निघायचीच. लग्नाच्या मांडवात, रेल्वेच्या डब्यात, व्याह्यांसमोर. सांगताना दर वेळी कान गरम व्हायचे आणि त्या गरमीत एक मजाही असायची, हे आता कबूल करायला हरकत नाही.

गेल्या पौषात माझी बायको, मंदा, न्हाणीच्या ओल्या फरशीवर घसरली. उजवा हात मनगटात मोडला. प्लास्टर झालं, हात गळ्यात आला. दोन्ही वेळचं जेवण तिची बहीण पाठवायची. प्रश्न फक्त सकाळच्या चहाचा होता.

"तू पडून राहा. चहा मी करतो," मी म्हणालो.

"तुमी? चहा?"

"तीस वर्षं अद्रक इकतोय मी."

"अद्रक इकता तुमी. चहा कुठं इकता?" ती हसली, पण डोळ्यांत पाणी होतं तिच्या. अठ्ठावीस वर्षांत मी तिच्यासाठी गॅसची कळ फिरवली नव्हती.

मग मी ठरवलं की करायचा तर माझ्या मनातला चहा. गोदामातून आदल्या दिवशी काढलेलं, अजून ओलसर, कोवळं अद्रक आणलं. बोटभर लांब तुकडा. तो साल न काढता खलबत्त्यात ठेचला. पातेल्यात अर्धा लिटर दूध ओतलं, कौसाबाईचं, सकाळी सात वाजता दारात आलेलं म्हशीचं दूध. पाण्याचा थेंब नाही. थंड दुधातच ठेचलेलं अद्रक टाकलं आणि मंद गॅसवर ठेवून मी रुबाबात उभा राहिलो. कडेनं बारीक कण धरायला लागले. मला वाटलं, साय येतेय. मग कणांचे गोळे झाले, गोळ्यांच्या मधून पिवळसर पाणी दिसायला लागलं. पत्ती टाकली तर ती गोळ्यांना चिकटून मुंग्यांसारखी दिसू लागली.

पहिल्या दिवशी मी ते मोरीत ओतलं आणि मंदाला बिस्किटं दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आतून तिनं विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "दूध फाटलं." ती म्हणाली, "कौसामावशीचं? दोनदा?" आणि तिच्या त्या 'दोनदा'नं माझ्या डोक्यात जाळ पेटला. तिला बिचारीला नवल वाटलं होतं. मला वाटलं, मला फसवलं जातंय.

कौसाबाईंबद्दल सांगायला हवं. साठीच्या आसपासच्या. मांजरसुंब्याच्या रस्त्याला त्यांची वस्ती आहे. मुलगा आणि सून दसरा झाला की ऊसतोडीला कर्नाटकात जातात, ते थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मधले महिने बाई एकट्या आणि त्यांच्या दोन म्हशी. पहाटे धार काढायची, मिळेल त्या जीपनं बीडला यायचं आणि आमच्या गल्लीत घरोघर दूध घालायचं. दहा वर्षं त्या हे करत होत्या. दहा वर्षं मी त्यांचं दूध प्यालो आणि त्यांच्याशी दहा वाक्यंही बोललो नव्हतो. त्या मला शेट म्हणायच्या, मंदाला ताई.

तिसऱ्या दिवशी दूध फाटलं तेव्हा त्या अजून गल्लीतच होत्या. मी पातेलं घेऊन तसाच, बनियनवर, बाहेर आलो.

"ओ बाई! हे दूध हाय का काय हाय?"

सकाळची वेळ. बायका दारात, कुणी नळावर. शेजारचे गुरुजी, निवृत्त शिक्षक, पेपर घेऊन ओट्यावर बसलेले. मला आवाज चढवावाच लागला नाही, तो चढलेलाच होता. "रातचं दूध मिसळतीस आन् सकाळचं म्हणून घालतीस! तीन दिवस झाले तीन!" असं म्हणत मी पातेलं त्यांच्या पायांशी, रस्त्यावर उपडं केलं. पांढरे गोळे डांबरावर पडले, पिवळं पाणी त्यांच्या चपलेखालून वाहत गेलं.

कौसाबाई मागं सरल्या नाहीत. म्हणाल्या, "शेट, आईच्यान ताजं हाय. दिस उगायच्या आत पिळलंय. दुसऱ्या कुणाचं फाटलं का, इचारा तरी."

साधी गोष्ट होती. विचारायला पाहिजे होतं. गुरुजी तिथंच बसले होते. पण मी कुणाला बोलू दिलं नाही. "बाकीचे बोलत न्हाईत. भिडस्त हायेत. मी बोलतो!"

आणि मग जे झालं ते मी तीस वर्षं बांधावर पाहिलंय. एवढ्या मोठ्यानं दोष काढला की ऐकणाऱ्याला आपल्याकडचा दोष आठवायला लागतो. गुरुजी पेपर खाली ठेवून म्हणाले, "परवा जरा पातळच वाटलं होतं." समोरच्या सुनंदाबाई म्हणाल्या, "तरीच म्हणलं, साय कावून धरंना." कौसाबाईंनी एकेकाकडं पाहिलं. कॅनच्या तोंडाशी आलेला थेंब पदरानं पुसला, झाकण लावलं आणि त्या चालू लागल्या. त्या दिवशी गल्लीतल्या अर्ध्या घरांत दूध घातलंच गेलं नाही. चार दिवसांत सगळी गल्ली पिशवीच्या दुधावर आली.

मी त्या दिवशी पोटभर जेवलो. मंदा म्हणाली, "एवढं बोलायचं नव्हतं." मी म्हणालो, "व्यवहारात मी बापालाबी सोडत न्हाई."

आठवडाभर मी चहाच्या नादाला लागलो नाही, टपरीवरून मागवला. मग एका सकाळी पुन्हा हौस आली. पिशवीचं दूध, कोवळं अद्रक, मंद गॅस. कडेनं कण धरले. मी दुकानदाराला फोन लावून शिव्या द्यायला सुरुवात केली. तो म्हणाला, "शेट, सकाळपासून पन्नास पिशव्या गेल्या. एकाचीबी तक्रार न्हाई." तेवढ्यात मंदा गळ्यातला हात सांभाळत स्वयंपाकघराच्या दारात आली. पातेल्यात डोकावली. मग खलबत्त्याकडं पाहिलं.

"पाणी किती घातलं?"

"पाणी कावून घालायचं?"

"आन् अद्रक?"

"दुधातच."

"थंड्या दुधात? कच्चं?"

तिनं डाव्या हातानं गॅस बंद केला. "अवो, अद्रक आधी पाण्यात खळाखळा उकळायचं असतं. मग दूध. कच्च्या अद्रकानं दूध फाटतंच. कवळं आसलं तर हमखास. बारक्या पोरीला ठावं आसतंय हे." ती थांबली. मला वाटलं, हसेल. ती हळूच म्हणाली, "म्हंजे कौसामावशीचं दूध..."

त्या पातेल्याशेजारी उभं राहून मी अद्रकाचा उरलेला तुकडा हातात धरून होतो. स्वच्छ, रसरशीत, एकही रेष नसलेला. माझ्याच गोदामातला.

माफी मागायची हे मी लगेच ठरवलं. पण कशी, तेही ठरवलं, आणि तिथं माझा धंदा आडवा आला. मी दहा किलो निवडक अद्रक पिशवीत भरलं, दुधाचा वाढीव दर मनाशी पक्का केला आणि वस्तीवर गेलो. कौसाबाई अंगणात गोवऱ्या थापत होत्या. त्यांनी मान वर केली आणि परत खाली घातली. 'बसा' नाही, पाणी नाही. आमच्या भागात वैऱ्यालाही चहा विचारतात. मला कुणी चहा विचारला नाही असं ते माझ्या आयुष्यातलं पहिलं घर.

मी सगळं सांगितलं. दूध चांगलं होतं, चूक माझी झाली, दर वाढवून देतो, रोज दोन लिटर घेतो.

त्या म्हणाल्या, "हितं बोलू नका, शेट."

"मंग?"

"हितं म्हशींनी कावून आयकायचं? त्यांना म्हाईत हाय दूध कसंय ते. जिथं बोललात तिथं बोला."

दूध सध्या कुठं जातं, मी विचारलं. मांजरसुंब्याच्या एका धाब्यावर. "धाबेवाला म्हणला, गल्लीनं टाकलेलं दूध हाय, दर मी म्हणीन त्यो." हात शेणात तसेच चालू होते. "एक म्हैस इकावी म्हणतेय. पोरगा फोनवर इचारतोय, काय झालं. काय सांगू त्याला?"

मी म्हणालो, "गुरुजींना सांगतो, ते सगळ्यांना सांगतील."

"न्हाई."

"एकेकाला फोन करतो."

"न्हाई."

"बरं, माझ्या दारात हुबा राहून एकदा मोठ्यानं सांगतो."

"मोठ्यानं नगं. दारोदार सांगा. उद्या सकाळी यीन मी दूध घिऊन. तुमी पुढं चला, मी मागं हुबी ऱ्हाते. आन् ते अद्रक न्या माघारी."

मी आणखी दोनदा घासाघीस केली. हे लिहिताना हात जड होतोय, पण केली. त्यांचा शब्द एक पैसाही हलला नाही.

दुसऱ्या दिवशी पहिलं दार गुरुजींचं. मला कॅनसोबत बघून ते खुशीत आले. "काय शेट, दूध इकायला लागलात का काय?"

मीही हसलो. "गुरुजी, त्या दिवशी दुधाबद्दल जरा गैरसमज झालता."

मागून आवाज आला, "गैरसमज न्हाई. काय झालं ते सांगा."

"दूध चांगलं होतं. फाटलं ते..."

"कशानं?"

"अद्रकानं."

"कुणी टाकलं?"

"मी."

गुरुजींनी चष्मा वर केला. "तुमी? अद्रकाचे व्यापारी?" आणि ते मनापासून, पोट धरून हसले. आतून त्यांच्या बायकोला हाक मारली, "अगं ऐक, शेटनी काय केलं!" मला पुन्हा सांगावं लागलं.

दुसऱ्या दारात मी म्हणालो, "आमच्या घरात कच्चं अद्रक पडलं दुधात." कौसाबाई मागून म्हणाल्या, "घरात कुणाकडून?" मी नाव न घेता ते मंदावर ढकलत होतो, हे मला त्यांच्या प्रश्नानंतर कळलं. तिसऱ्या दारात मी थंडीवर थोडं घातलं. चौथ्यात घाईवर. प्रत्येक दारात मी माझी चूक थोडी स्वस्तात सोडवून घ्यायला बघत होतो आणि प्रत्येक दारात त्या शांतपणे पुरी किंमत मागत होत्या. पाचव्या दारात आवाज बसला आणि वाक्य सरळ झालं. "दूध चांगलं होतं. मी कच्चं अद्रक टाकलं, म्हणून फाटलं. बाईंनी इचारा म्हणलं, मी इचारू दिलं न्हाई. मी खोटं बोललो." 'खोटं' हा शब्द मी ठरवला नव्हता. त्यानंतर कौसाबाईंना मागून बोलावं लागलं नाही.

अर्ध्या घरांनी पातेली पुढं केली. बाकीच्यांनी पिशवीची सवय झाली, लेकराला तीच लागते, सून बघते आता, असं काहीबाही सांगितलं. शेवटचं दार सुनंदाबाईंचं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "शेट, तवा तुमी लई खात्रीनं बोलत होता. आता बी खात्रीनंच बोलताय. आमी कोणतं खरं धरावं?"

मी कौसाबाईंकडं पाहिलं. त्या सुनंदाबाईंकडं बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हा प्रश्न येणार हे जणू त्यांना ठाऊक होतं.

परतताना आमच्या दारात मंदा उभी होती, डाव्या हातात पातेलं. कौसाबाई थांबल्या. प्लास्टरवर हात ठेवून म्हणाल्या, "ताई, ठणकतंय का अजून?" बराच वेळ बोलल्या दोघी. मंदानं पातेलं पुढं केलं तेव्हा त्यांनी कॅनचं झाकण दाबून बसवलं. "ह्या दाराला न्हाई घालणार, ताई. तुमी वाईट वाटून घिऊ नका." मंदा रिकामं पातेलं घेऊन आत गेली.

आडत्याची गोष्ट त्यानंतर मला सांगता येत नाही. मागच्या महिन्यात एका लग्नात कुणीतरी आठवण काढली, "ते पोती ओतल्याचं सांगा की." माझ्या डोळ्यांपुढं पोती आलीच नाहीत. डांबरावरचे पांढरे गोळे आले. मी म्हणालो, "ते जाऊ द्या." तीस वर्षं जपलेला राग असा हातातून गेला, आणि त्याच्या जागी काही बरं आलं असंही नाही. उलट कधीकधी नवा राग धरायला मन बघतं: एवढी दारं फिरलो, एवढं हसं झालं, तरी बाईनं माझ्या दाराला दूध घातलं नाही. हे मनात आलं की मला माझीच किळस येते. पण येतं.

यंदा तेलगावकडं एका शेतात गड्डा फोडला. चार माणसं उभी होती. माल उत्तम होता. तोंड सवयीनं वाकडं व्हायला लागलं, ते मी आवरलं आणि म्हणालो, "माल चांगला हाय." शेतकऱ्यानं माझ्या हातातला गड्डा घेऊन उलटापालटा बघितला. मग म्हणाला, "शेट, दर पाडायची ही नवी तऱ्हा हाय का?" सगळे हसले. त्याच्या बायकोनं चहा आणला होता. सौदा व्हायचा होता, तरी मी कप घेतला. तर ती बिचारी घाबरून नवऱ्याकडं बघायला लागली.

मंदाचा हात बरा होऊन किती महिने झाले, पण घरातला सकाळचा चहा मीच करतो. आधी पाणी, त्यात ठेचलेलं अद्रक, खळाखळा उकळी, पत्ती, साखर आणि शेवटी पिशवीचं दूध. तो कधी फाटत नाही. कौसाबाई येतात, गल्लीतल्या अर्ध्या दारांत थांबतात. म्हैस विकली का, हे विचारायची माझी छाती झालेली नाही. त्या पुढं गेल्या की मंदा शाल गुंडाळून गुरुजींच्या घरी जाते. त्यांच्या बायकोसोबत तिथंच चहा घेते, कौसामावशींच्या दुधाचा. मला ती एका शब्दानंही काही बोललेली नाही. मी रोज दोन कप भरतो. तिचा गार झाला की परत पातेल्यात ओततो.